झाडाहून उंच गोष्ट

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, आणि झाडाबद्दल बोलताना झाडाजवळ राबणाऱ्या माणसाला त्यांनी कधी वगळलं नाही. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी लाकूडतोड्यांच्या गोष्टी निवडल्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर अमेरिकेच्या जंगलांत हजारो माणसं दिवसभर झाडं पाडत होती आणि रात्री एकमेकांना अशा झाडांच्या गोष्टी सांगत होती, जी या पृथ्वीवर कधी उगवलीच नाहीत. त्या गोष्टींकडे करमणूक म्हणून पाहायची आपल्याला सवय आहे. मला त्या फार मोलाच्या वाटतात. त्यांत त्या माणसांचं ज्ञान आहे, त्यांच्या श्रमांची नोंद आहे, त्यांची भीतीही आहे. आणि आणखी एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे. या थापांपायी एकही झाड पडलं नाही. जगातले काही सर्वांत मोठे वृक्ष पडले ते पुराव्याच्या हट्टापायी.

आधी त्या जागी जाऊ. मिशिगन, विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा या उत्तरेकडच्या राज्यांत तेव्हा पांढऱ्या पाइनची अफाट जंगलं होती. तोड हिवाळ्यात चाले. बर्फावर पाणी मारून वाटा गुळगुळीत करायच्या, त्यांवरून घसरगाड्यांनी ओंडके नदीकाठी आणायचे, तिथे थप्प्या लावायच्या आणि वसंतात बर्फ वितळलं की पुराच्या पाण्यात सोडून गिरणीपर्यंत न्यायचे. महिनेच्या महिने माणसं जंगलातल्या लाकडी बराकींत राहत. कोणी फ्रेंच-कॅनेडियन, कोणी आयरिश, कोणी स्वीडिश, कोणी फिनिश. उजाडायच्या आत काम सुरू होई, अंधार पडला की संपे. जेवताना बोलायची बंदी असे. गप्पा रंगल्या तर जेवण लांबतं आणि भांडणंही लागतात, म्हणून बहुतेक तळांवर हा नियम कडक पाळला जाई. दिवसभर करवतीच्या आवाजात बोलता येत नाही आणि ताटावर बोलायची परवानगी नाही. मग बोलायला उरे तो रात्रीचा तासदीड तास. बिछान्यांच्या कडेने अर्ध्या ओंडक्याचा एक लांब बाक असे. दिवे मालवेपर्यंत त्या बाकावर, शेगडीच्या उबेला, ओले मोजे वाळत असताना गोष्टी निघत.

त्या गोष्टींतलं एक झाड सांगतो. दोन लाकूडतोडे एका पाइनला भिडले. घाव घालत राहिले, दिवसांमागून दिवस गेले. झाड काही हलेना. शेवटी एकाला वाटलं, पलीकडच्या अंगाला काय आहे ते तरी बघून यावं. बुंध्याला वळसा घालून तो पोचला, तर पलीकडे दोन आयरिश गडी त्याच झाडावर आधीपासून कुऱ्हाड चालवत होते आणि या दोघांचा त्यांना पत्ताच नव्हता. दुसरं झाड इतकं उंच, की एका माणसाच्या नजरेला शेंडा गाठवत नसे. पहिला जिथपर्यंत बघू शकला, तिथून पुढे दुसऱ्याने बघायला सुरुवात करायची, त्याच्यापुढे तिसऱ्याने.

अशी गोष्ट सांगायची एक शिस्त होती. सांगणारा हसत नसे. तो आवाज चढवत नसे. तो मापं देई, तळाचं नाव सांगे, कोणत्या हिवाळ्यात घडलं ते सांगे, आणि शेजारी बसलेला जुना गडी मान डोलावून एखादा तपशील दुरुस्त करी. ऐकणाऱ्यांत नवखं पोर असेल तर गोष्ट मुद्दाम त्याच्यासाठी असे. ते पोर कधी हसतं, कुठे शंका काढतं, यावरून त्याला कामाची किती समज आली ते कळे. पाइनच्या बुंध्याचा घेर किती असतो, दोन माणसं दिवसाला किती झाडं पाडतात, एका घसरगाडीवर किती ओंडके चढतात, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच गोष्ट खऱ्याची वेस कुठे ओलांडते ते समजणार. थाप पकडता येणं ही त्या धंद्यातली एक परीक्षा होती.

या गोष्टींचा नायक पॉल बनियन. त्याच्या तळावरचा तवा एवढा प्रचंड, की त्याला चरबी लावायला पोरं पायांना डुकराच्या मांसाचे तुकडे बांधून त्यावर घसरत फिरत. ही कथा लहान मुलांच्या पुस्तकांतून जगभर गेली. पण धंद्यातल्या माणसांची आवडती कथा वेगळी होती. पॉलच्या टोळीने एका हंगामात ‘सदतिसाव्या विभागा’त तोड केली, अशी ती कथा. यातली मेख समजायला तिथली जमीन-मोजणी माहीत हवी. अमेरिकेत सरकारी जमिनीचे चौकोनी तालुके पाडले होते आणि प्रत्येकात एक चौरस मैलाचे बरोबर ३६ विभाग असत. सदतिसावा विभाग नकाशावर असूच शकत नाही. मग तिथे तोड कशी झाली? श्रोत्यांना उत्तर ठाऊक होतं. चाळीस एकर विकत घ्यायचे आणि हद्दीच्या खुणा विसरून चहूबाजूंचं सरकारी जंगल तोडत जायचं, हा प्रकार त्या काळी सर्रास चाले. मजुराला कोर्टात जाऊन तक्रार करणं शक्य नव्हतं. त्याने नकाशात नसलेल्या जमिनीची गोष्ट रचली आणि बाकावरच्या प्रत्येकाला ती कळली.

त्याच टोळीची पुढची कथा गोल नदीची. हंगामभर तोडलेले ओंडके पाण्यात सोडले, गडी त्यांच्याबरोबर निघाले. वाटेत एक तळ लागला. काही दिवसांनी तसाच दुसरा लागला. तिसऱ्या वेळी त्यांनी नीट पाहिलं, तर तो त्यांचाच तळ होता. नदीला तोंड नव्हतं, ती गोल फिरत होती. बऱ्याच ठिकाणी मजुरी हंगामाच्या अखेरीस हाती पडे, ओंडके गिरणीला पोचल्यावर. हे लक्षात घेऊन ही कथा पुन्हा ऐका. वर्षभराची मेहनत कुठेच न पोचण्याची धास्ती तिच्या पोटात आहे.

भीती आणखी थेट येते ती जंगली प्राण्यांच्या कथांत. मिनेसोटाचे पहिले राज्य वनाधिकारी विल्यम कॉक्स यांनी १९१० मध्ये लाकूडतोड्यांच्या कल्पनेतल्या प्राण्यांचं एक सचित्र पुस्तक काढलं. स्वतः जंगलात वावरलेल्या माणसाने केलेलं हे संकलन असल्याने ते मला विशेष महत्त्वाचं वाटतं. त्यात ‘ॲग्रोपेल्टर’ नावाचा प्राणी आहे. तो पोकळ झाडात दडून बसतो आणि खालून जाणाऱ्या माणसावर वाळलेली फांदी नेम धरून फेकतो. त्यातच ‘स्प्लिंटर कॅट’ आहे. ती वादळी रात्री डोक्याची धडक देऊन झाडं फोडते, म्हणून सकाळी रानात खोडं चिरफाळलेली दिसतात. आता त्या धंद्यातले मृत्यू कसे होत ते पाहा. वर अडकलेली सुटी फांदी खाली येते आणि आवाज येण्याआधी डोक्यावर बसते. वादळाने अर्धवट मोडलेलं खोड ताणाखाली असतं, करवत लागली की ते फाटून उसळतं. आजही अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीत लाकूडतोड हा सर्वाधिक प्राणघातक व्यवसायांत वरचेवर पहिला येतो. काल शेजारच्या बिछान्यावर झोपलेला गडी आज नाही, याला कारण काय द्यायचं? कोणाची चूक म्हणायची? त्या माणसांनी एक प्राणी निर्माण केला आणि दोष त्याच्यावर ठेवला. त्याबरोबर नवख्याच्या मनात कायमचं ठसवलं, की पोकळ झाडाखालून जाताना वर बघ, वादळानंतर रानात पाऊल जपून टाक. सुरक्षेचा याहून परिणामकारक धडा मला माहीत नाही.

या गोष्टी छापल्या गेल्या आणि त्यांचं रूप पालटलं. १९०६ मध्ये जेम्स मॅकगिलिव्हरे यांनी मिशिगनमधल्या एका छोट्या वृत्तपत्रात गोल नदीची कथा छापली. १९१० मध्ये ती डेट्रॉइटच्या मोठ्या वृत्तपत्रात आली. १९१४ मध्ये ‘रेड रिव्हर लंबर कंपनी’साठी विल्यम लॉफहेड यांनी पॉल बनियनची जाहिरात-पुस्तिका तयार केली. लॉफहेड यांनी तरुणपणी स्वतः जंगलतळांवर काम केलं होतं. अशा पुस्तिकांतून त्यांनी पॉलच्या जोडीला असलेल्या निळ्या बैलाला नाव दिलं, नवी पात्रं रचली, चित्रं काढली, आणि पॉल घराघरांत पोचला. १९१६ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या बर्निस स्टुअर्ट आणि होमर वॉट यांनी प्रत्यक्ष मजुरांकडून ऐकलेल्या कथा प्रसिद्ध केल्या, म्हणून बराकीतला मूळ सूर काही अंशी आपल्यापर्यंत आला. १९५० मध्ये लोकसाहित्याचे अभ्यासक रिचर्ड डॉर्सन यांनी बाजारी पुस्तकांतल्या पॉल बनियनवर कठोर टीका केली आणि ही बनावट लोककथा आहे असं ठणकावून सांगितलं. मला डॉर्सन यांचा राग पटतो. जाहिरातीतला पॉल राक्षसी ताकदीचा आणि सदा हसतमुख आहे. त्याला मजुरीची चिंता नाही, त्याच्या वाटेत लटकती फांदी नाही. जंगल संपवणं हा त्याचा आनंदाचा खेळ आहे. बाकावर बसलेल्या माणसाची गोष्ट इतकी निश्चिंत कधीच नव्हती.

आता आपण पश्चिमेला, कॅलिफोर्नियात जाऊ. तिथे याच्या अगदी उलट घडलं. तिथे खरी गोष्ट थाप ठरली.

१८५२ च्या वसंतात कॅलाव्हेरस भागात ऑगस्टस डाउड नावाचा शिकारी एका जखमी अस्वलाचा माग काढत रानात शिरला. पाण्याचे पाट बांधणाऱ्या कंपनीच्या मजुरांना मांस पुरवणं हे त्याचं काम. तिथे त्याने जे झाड पाहिलं, त्यापुढे तो अस्वल विसरला. परत येऊन त्याने मजुरांना सांगितलं आणि कोणाचाही विश्वास बसला नाही. सांगतात की काही दिवसांनी त्याने वेगळी युक्ती केली. मी प्रचंड अस्वल मारलंय, आणायला चला, असं म्हणून तो त्यांना घेऊन गेला आणि थेट झाडापाशी उभं केलं. जायंट सिक्वोया हा वृक्ष बाहेरच्या जगाला माहीत झाला तो असा. आज उभ्या असलेल्या जनरल शर्मन या सिक्वोयाच्या एका खोडातलं लाकूड सुमारे १,४८७ घनमीटर भरतं. बुडाशी त्याचा व्यास ११ मीटरच्या घरात आहे. असं झाड ज्याने पाहिलं नाही त्याने ते मानावं तरी कसं?

प्रश्न रास्त होता. उत्तर भयानक निघालं. १८५३ मध्ये डाउडने दाखवलेलं ते झाड पाडण्यात आलं. एवढी मोठी करवत कोणाकडे नव्हती. मग लाकडी पंपांच्या नळ्या कोरायची लांब गिरमिटं आणून बुंध्यात चहूबाजूंनी भोकं पाडली. पाच माणसांना २२ दिवस लागले. आरपार कापूनही झाड उभंच राहिलं, इतकं ते सरळ आणि तोलात वाढलं होतं. पाचरा ठोकाव्या लागल्या, तेव्हा कुठे ते पडलं. वलयं मोजली तेव्हा वय १,२४४ वर्षं भरलं. त्याची साल सॅन फ्रान्सिस्कोत आणि न्यूयॉर्कमध्ये तिकीट लावून दाखवली. मागे राहिलेल्या बुंध्यावर नाचाचा मंडप घातला.

पुढच्या वर्षी, १८५४ मध्ये, जवळच्याच ‘मदर ऑफ द फॉरेस्ट’ या झाडाची साल जिवंतपणी सोलली. जमिनीपासून ११६ फुटांपर्यंत. तुकडे क्रमाने लावून ती न्यूयॉर्कला आणि मग लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये उभी केली. १८६६ च्या आगीत ती जळाली. झाड केव्हाच वाळून गेलं होतं. सिक्वोयाची साल दोन-दोन फूट जाड असते आणि आगीपासून तीच त्याला वाचवते. ती गेल्यावर १९०८ च्या वणव्यात वाळलेलं खोडही होरपळलं.

१८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या शतसांवत्सरिक प्रदर्शनासाठी आणखी एका सिक्वोयाचा भाग फाळ्या पाडून नेला आणि तिथे जोडून उभा केला. पूर्वेकडच्या प्रेक्षकांनी तो पाहिला आणि ठरवलं की ही कॅलिफोर्नियाची फसवणूक आहे, बऱ्याच झाडांचे तुकडे जोडले आहेत. श्रोतेहो, इथे क्षणभर थांबूया. झाड पाडलं, देशभर वाहून नेलं, डोळ्यांसमोर उभं केलं आणि तरीही ते थापच ठरलं. पुरावा देऊन काही सिद्ध झालं नाही, झाड मात्र गेलं.

हे इथे थांबलं नाही. १८९१ मध्ये ‘मार्क ट्वेन’ नावाचा सिक्वोया पाडला. वय १,३४१ वर्षं. त्याची एक चकती न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयात गेली, दुसरी लंडनला. ज्या लेखकाचं नाव या झाडाला दिलं होतं, तो १८६५ मध्ये प्रसिद्धीला आला होता तो डाउडच्या त्या कॅलाव्हेरस भागात ऐकलेल्या एका थापेवर, उड्या मारणाऱ्या बेडकाच्या कथेवर. थापेवर उभ्या राहिलेल्या त्या कथेसाठी एकही बेडूक मारावा लागला नव्हता. हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की मला जे म्हणायचंय ते उघड दिसतं. कथा ऐकणाऱ्याकडून कल्पनाशक्ती मागते. प्रदर्शन झाडाकडून त्याचं शरीर मागतं.

पुराव्याची मागणी नेहमीच घातक असते, असं मात्र मी म्हणणार नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात माउंटन ॲश या निलगिरीच्या झाडांबद्दल ४०० फुटांहून अधिक उंचीचे दावे होत असत. १८८८ च्या मेलबर्न प्रदर्शनाच्या वेळी ४०० फुटांचं झाड दाखवणाऱ्याला बक्षीस जाहीर झालं. कोणीही ते घेऊ शकलं नाही. तेव्हा रीतसर मोजलेलं सर्वांत उंच झाड ३२६ फूट भरलं. आधी थॉर्पडेल इथे पाडलेलं एक झाड एका भूमापकाने जमिनीवर आडवं असताना मोजलं होतं, ते ३७५ फूट. म्हणजे बोलण्यातली उंची आणि खरी उंची यांत अंतर होतं, पण फार नव्हतं. लाकूडतोड्यांच्या बोलण्याला अनुभवाचा आधार होता.

किती उंच झाड शक्य आहे, याचं उत्तर आता विज्ञानाने दिलं आहे. मुळांनी घेतलेलं पाणी खोडातल्या अतिसूक्ष्म नळ्यांमधून वर ओढलं जातं. उंची वाढते तसा या पाण्याच्या धाग्यावरचा ताण वाढतो, कारण वजन गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पेलायचं असतं. शेंड्याजवळची पानं पाण्याअभावी लहान आणि जाड राहतात, त्यांचं अन्न तयार करणं मंदावतं. शेवटी अशी उंची येते की त्यापुढे वाढणं परवडत नाही. २००४ मध्ये जॉर्ज कोच, स्टीफन सिलेट आणि सहकाऱ्यांनी उंच रेडवूड झाडांवर चढून मोजमापं घेतली आणि ही मर्यादा १२२ ते १३० मीटरच्या दरम्यान असल्याचं मांडलं. दोनच वर्षांनी, २००६ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या किनारी जंगलात हायपेरियन नावाचा रेडवूड सापडला. शेंड्यापर्यंत चढून तिथून फीत खाली सोडून तो मोजला, तो ११५ मीटरहून अधिक भरला. झाडाला धक्का न लावता ते खरं ठरलं. १८५३ पासून इथवर माणूस एवढं शिकला, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र किनारी रेडवूडच्या मूळ जंगलापैकी जेमतेम पाच टक्के तोवर उरलं होतं.

हायपेरियनची जागा सुरुवातीला जाहीर केली नव्हती. ती फुटली आणि लोक रान तुडवत तिथे पोचू लागले. मुळांवरची माती घट्ट झाली, बुंध्याभोवतालचे नेचे नाहीसे झाले. २०२२ मध्ये राष्ट्रीय उद्यानाने तो भागच बंद केला. तिथे जाणाऱ्याला पाच हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. फीत लावून मोजलेलं झाडही पाहायच्या हौसेपासून सुरक्षित नाही.

गोष्ट झाडाला कशी वाचवते, हे बघायला आपल्याकडे सह्याद्रीत देवराया आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात त्यांचा अभ्यास करून त्या जगापुढे मांडल्या. तिथेही झाड आणि गोष्ट एकत्र नांदतात. इथलं लाकूड तोडलं तर देव कोपतो, अमक्याने तोडलं आणि त्याचं काय झालं, ही गोष्ट गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्या गोष्टीचा पुरावा कोणी मागितला नाही, म्हणून तिथले वृक्ष उभे राहिले. जिथे गोष्टीवरचा विश्वास उडाला, तिथे राई विरळ झाली.

मिशिगनच्या बाकावरची माणसं झाडं पाडत होती, हे मी विसरलेलो नाही. पांढऱ्या पाइनचं ते जंगल त्यांच्याच हातांनी संपलं. पण संपवायचा निर्णय त्यांचा नव्हता आणि नफाही त्यांचा नव्हता. त्यांच्या वाट्याला थंडी, ओले मोजे आणि लटकती फांदी आली. जे झाड ते पाडत होते, ते किती मोठं होतं याची खरी जाणीव त्यांनाच होती, कारण त्याचा प्रत्येक इंच त्यांच्या खांद्यांतून गेला होता. त्यांनी ते गोष्टीत आणखी मोठं केलं. मला तो झाडाचा केलेला मान वाटतो.

म्हणून आज या व्यासपीठावरून एक मागणी करतो. झाडांशी ज्यांचा रोजचा संबंध आहे अशी माणसं आपल्याभोवती आहेत. नारळीवर चढणारे पाडेली, पावसाळ्याआधी रस्त्यावरच्या फांद्या छाटणारे पालिकेचे कामगार, वनमजूर, वनरक्षक, वखारीत ओंडके चढवणारे हमाल. त्यांच्या गोष्टी आपण फारशा नोंदवलेल्या नाहीत. आपल्या जंगलांविषयी अहवाल आहेत, नकाशे आहेत, आकडे आहेत आणि ते हवेतच. पण कुठलं लाकूड करवतीखाली कसं वागतं, कोणत्या झाडाची फांदी न सांगता मोडते, कोणत्या रानात अंधारानंतर जायचं नाही आणि का, हे या माणसांच्या गोष्टींत आहे. महाविद्यालयांनी आपल्या मुलांना त्यांच्याकडे पाठवावं. मुलांनी ऐकावं, ध्वनिमुद्रण करावं, सांगणाऱ्याचं नाव त्याच्या परवानगीने नोंदवावं. गोष्ट खरी की खोटी, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारू नये. मॅकगिलिव्हरे, कॉक्स आणि स्टुअर्ट यांनी वेळेवर ऐकलं, म्हणून सदतिसावा विभाग आपल्याला माहीत आहे. ज्या जंगलतळांवर कोणी ऐकायला गेलं नाही, तिथलं ज्ञान त्या माणसांबरोबर गेलं. आपल्याकडची माणसं अजून कामावर आहेत. त्यांच्याकडे जायला आपल्याला कोणाच्याही परवानगीची वाट बघायची गरज नाही.